तीन हात पिवळा

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिला हात मारून झाला. सुकायला चाळीस मिनिटं लागतात आणि चाळीस मिनिटं नुसतं बसून राहायची मला सवय नाही. बाबा अशा वेळी रिकाम्या डब्याला डोकं टेकून डुलकी काढायचे. मी ही वही काढली. आमच्या धंद्यात रंगाच्या थराला हात म्हणतात. एक हात, दोन हात, तीन हात. तीन हातांखाली मी गाडी सोडत नाही, मग तो पाव पोचवायचा टेम्पो असो नाहीतर ही सिनेमातली महाराणी.

तर सिनेमा. मुलांचं एक जुनं कार्टून आहे, त्यात एक कुटुंब पिवळ्या गाडीतून शर्यती जिंकत फिरतं. आई गाडी चालवते, वडील नकाशा उलटा धरतात आणि दोन मुलं मागे भांडतात. आता तेच सगळं खरी माणसं आणि खऱ्या गाड्या घेऊन करायचं चाललंय. पिवळी रंगवायचं काम माझ्याकडे आणि ती पळवायचं काम धाकट्याकडे. नटी नुसती चाक धरून बसते. गाडी उडवायची, घसरवायची, आपटायची असली की माझा भाऊ तिचा जांभळा झगा आणि कुरळा टोप घालून आत बसतो. त्यापायी त्याची पंधरा वर्षांची मिशी गेली. आज त्याला त्या वेशात पाहिलं आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

"हसून घे, ताई," तो म्हणाला, "पण आईसारखा दिसतो की नाही?"

खरंच दिसत होता. मग मला हसू येईना. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतरा. एवढंच लिहिते. दुसऱ्या हाताची वेळ झाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिग्दर्शकाच्या कचेरीतून एक मुलगी येते. गळ्यात रंगांच्या नमुन्यांच्या पट्ट्यांचा हा एवढा जुडगा. दिसेल त्या वस्तूला पट्टी लावून बघते, एकदा चुकून माझ्या गालालाही लावली. मी तिचं नाव पट्टीबाई ठेवलं आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. तिलाही कळलं, पण रागावली नाही. पोर गुणी आहे.

तिनं आज सगळ्यांना उभं करून नियम वाचून दाखवला. या सिनेमात लाल रंग फक्त खलनायकाचा. कार्टूनमध्ये त्याची गाडी लाल आहे आणि बाकी जगात कुठेही लाल नाही. ना फुलांत, ना कौलांत, ना मुलांच्या गोळ्यांत. लाल दिसलं की काहीतरी वाईट येतंय, हे बघणाऱ्या पोरांच्या हाडात मुरलंय. म्हणून इथे लाल कुठेही दिसता कामा नये.

मला हे फार आवडलं. रंगाला एवढी किंमत देणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आजवर सगळे म्हणायचे, "बाई, कुठलाही मारा, गंज झाकला म्हणजे झालं."

दिवसभर लाल हुडकत फिरलो. चहाची किटली हिरवी केली. दिवेवाल्यानं सदरा उलटा घातला. रंगभूषेच्या मुलीनं नखं खरवडली. आगीच्या बादल्या मी आकाशी केल्या. आत वाळू भरल्यावर त्या अगदी समुद्रकाठच्या खेळण्यातल्या दिसायला लागल्या. खलनायकाची गाडी तेवढी दूर ताडपत्रीखाली उभी आहे, कोपऱ्यातून जरा लाल दिसतं आणि उगाचच नजर तिकडे जाते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुरक्षेसाठी एक वयस्कर गृहस्थ आहेत. गाडी उडवायची? नको. धूर सोडायचा? नको. दोरी, नको. शिडी, नको. धाकटा त्यांना नकोकाका म्हणतो. तोंडावर नुसतं काका, पाठ वळली की नकोकाका.

आज बादल्या बघून काका माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही, उलट हळू बोलत होते.

"बाई, आग लागली की माणूस लाल शोधतो. डोकं नाही शोधत, डोळा शोधतो."

"काका, बादल्या जागच्या जागीच आहेत. माणसानं सवय लावून घ्यावी."

"आगीत सवय चालत नाही."

मी म्हटलं, रंगाचं मला सांगू नका, माझ्या तीन पिढ्या यात गेल्यात. दोनच गेल्यात, पण रागाच्या भरात तीन निघून गेल्या. काका बादलीवर बोट घासत उभे राहिले आणि मग निघून गेले. बादल्यांना मी नुकताच तिसरा हात मारला होता, त्या ओल्या रंगावर बोटाचा ठसा राहिला. मला तो हात पुन्हा मारावा लागला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गाडी थांबवायला काका लाल झेंडा दाखवतात. तोही गेला. आता जांभळा. धाकट्याला आठवडाभर त्याची सवय करवली, तीनदा दाखवला, तीनदा थांबला. चौथ्यांदा तो थांबला नाही, कारण प्रेक्षकांच्या गर्दीत बायका जांभळे रुमाल हलवत होत्या. झगा सावरत खाली उतरला आणि म्हणाला, "मला वाटलं, माझंच कौतुक चाललंय." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी जाऊन दिग्दर्शकांना काहीतरी सांगितलं, मग दिग्दर्शकांनी त्यांना काहीतरी सांगितलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नकोकाका गेले. तब्येतीचं कारण आहे म्हणे. सकाळी तर ठणठणीत होते. जाताना धाकट्याला बाजूला घेऊन दहा मिनिटं बोलले. काय बोलले विचारलं तर म्हणतो, "काही नाही, रोज कडी हलवून बघ म्हणाले."

कडी म्हणजे पिवळीच्या पुढच्या काचेखाली खाचेत बसवलेली एक धातूची कडी आहे, बोटभर. बाहेरून ओढली की इंजिनाची वीज तुटते आणि आत ठेवलेल्या बाटल्यांमधून आग विझवणारा फेस सुटतो. आतही तशीच एक आहे, चालवणाऱ्याच्या उजव्या हाताशी. काका रोज सकाळी बाहेरची कडी हलवून बघायचे. खुळखुळ वाजायची. मग कागदावर खूण करायचे आणि धाकट्याची सही घ्यायचे. 'कडी पाहिली, हलते.'

माणूस कटकट्या होता, पण आज चहाच्या वेळी त्यांची जागा रिकामी बघून बरं वाटलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काकांच्या जागी नवा माणूस आला. तरुण आहे, हसरा आहे. काहीही सांगा, "बरं बरं" म्हणतो. त्याचं नाव मला ठेवावंच लागलं नाही, आपोआप बरंबरं पडलं. काम कसं झपाझप पुढे सरकतंय! जे काका असताना तीन दिवसांत झालं नसतं, ते आज जेवणाआधी झालं.

घरी भावजय विचारत होती, "नवीन माणूस कसा आहे हो, ताई?" मी म्हटलं, फार चांगला, अजिबात आडवा येत नाही. ती भांडं घासता घासता थांबली. मग म्हणाली, "तुम्ही तिथे असता ना, म्हणून मला घोर नसतो. नाहीतर मी यांना त्या गाडीत बसूच दिलं नसतं."

लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी ही बाई माझ्याशी जपून बोलते. आज पहिल्यांदा असं मोकळेपणानं बोलली. मला फार बरं वाटलं. धाकट्याला काही झालं तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही, हे तिला माहीत आहे आणि मलाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पिवळीला जवळून बघायचं दृश्य आहे. पट्टीबाई आणि मी गाडीभोवती डोळ्यांत तेल घालून फिरलो. मागचे दिवे नारिंगी केलेत. सगळी गाडी कशी लोण्यासारखी पिवळी. आणि काचेखाली तो लाल ठिपका. कडी! एवढ्या पिवळ्यात ती अशी दिसते की दुसरं काही दिसतच नाही.

मी म्हटलं, "हिला एक हात मारू का?"

पट्टीबाई म्हणाली, "नको, बाई. ती राहू द्या. ते सुरक्षेचं आहे. कडी आम्ही नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकू."

नंतर पुसून टाकू! म्हणजे माझं काम कोणीतरी यंत्रासमोर बसून पुरं करणार. माझे हात काय गहाण पडलेत? मी डबे आवरायला लागले. पण ते पुसणं दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सगळ्यांच्या आधी आले आणि कडी रंगवली. बारीक कुंचल्यानं, तीन हात, वर चकाकीचा एक. खाचही भरून घेतली, म्हणजे कडेची सावली पडत नाही.

आता खरं सांगते, इथे कोणी वाचणारं नाही. काम संपवून चार पावलं मागे गेले आणि कडी मलाच सापडेना! हात फिरवून शोधावी लागली. बाबा असते तर त्यांना हाताला धरून आणलं असतं. आणखी एक, ध्वनिमुद्रणवाला रोज कुरकुरायचा की काचेखाली काहीतरी खुळखुळतं. आता गप्प बसली. एका हातात दोन कामं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दिग्दर्शक स्वतः आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी मारली. "ही कार्टूनमधूनच उतरून आलीय," असं म्हणाले, आणि सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पट्टीबाई जरा गोंधळून काचेखाली बघत होती, तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली. मी दिवसभर ज्याला त्याला बोलावून गाडी दाखवली, चहावाल्यालासुद्धा. सव्वीस वर्षं रंग मारतेय. माझ्यासाठी टाळ्या वाजल्याचं मला आठवत नाही.

धाकट्यालाही ओढून आणलं. तो काचेखाली वाकून बराच वेळ बघत राहिला. बोट जवळ नेलं आणि मागे घेतलं.

"काय रे, कसं झालंय?"

"झकास झालंय, ताई," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून मला जवळ ओढलं. टोपाचे केस माझ्या नाकात गेले.

बरंबरंनं येऊन कागद पुढे केला. सही झाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शेवटच्या दृश्याची तालीम. पिवळी इंद्रधनुष्याच्या बोगद्यातून सुसाट निघते आणि शर्यत जिंकते. बोगदा कापडाचा आणि फोमचा आहे, कमानीमागून कमान. इंद्रधनुष्य सहाच रंगांचं आहे, कारण उघड आहे. वर गुलाबी धूर सोडणार. तालमीत धूर इतका दाट झाला की गाडी आत गेली कधी आणि बाहेर आली कधी ते कळलंच नाही. बरंबरंला विचारलं, धूर जरा जास्त नाही का? म्हणाला, "बरं बरं, सांगतो."

आज माझी पाठ धरली आहे. रात्री नीट झोप नाही. कारण काही नाही. वय झालं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. वही पिशवीत होती. काही सुकायची वाट बघायची नाहीये, पण हातांना काहीतरी हवं.

तो जिवंत आहे. आधी हे लिहिते. तो जिवंत आहे.

काल अकरा वाजता पिवळी बोगद्यात शिरली. तिसऱ्या कमानीपाशी मागचं चाक कापडात अडकलं, गाडी आडवी फिरली आणि अख्खा बोगदा तिच्यावर खाली आला. सगळे "वा!" म्हणाले. त्यांना वाटलं, असंच ठरलंय. गुलाबी धूर चाललाच होता. बरंबरं जांभळा झेंडा जोरजोरात हलवत होता आणि गर्दीतल्या बायका त्याला बघून आपले रुमाल आणखी जोरात हलवत होत्या. कॅमेरा चालूच.

कापड जरा सरकलं आणि मला गाडीचं नाक दिसलं. पिवळ्यावर फोड आले होते. माझ्या रंगावर फोड उठायला खाली केवढी आग लागते ते मला माहीत आहे. मी ओरडत पळाले. काय ओरडले ते आठवत नाही.

आग विझवणारे दोघे माझ्याआधी पोचले होते. त्या दिवसापुरते आलेले, पिवळी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. दोन्ही हातांनी गाडी चाचपत होते. त्यातला एक ओरडत होता, "लाल काय आहे? इथे लाल काय आहे?"

आत धाकटा. आतली कडी त्याच्या उजव्या हाताशी होती आणि उजवा हात चाकाच्या दांड्यात अडकला होता. काचेपलीकडे नुसता तो कुरळा टोप हलत होता.

मी डोळे मिटूनही ती जागा सांगितली असती. हात घातला. सापडली, पण निघेना. रंगानं खाचेत पक्की बसली होती. माझ्याच तीन हातांनी, आणि वरच्या चकाकीनं. एप्रनच्या खिशात खरवडायचं पातं होतं. खाचेत घालून कापलं, नख उलटं झालं, पुन्हा कापलं, आणि ओढली. फेस सुटला. मग त्या दोघांनी दार उपटून त्याला बाहेर काढलं.

एवढं सगळं दीड मिनिटात झालं, असं म्हणतात. कडी लाल असती आणि खुळखुळत असती, तर दहा सेकंद लागले असते. हा हिशोब मला कोणी करून दाखवायला नको.

त्याचे दोन्ही हात भाजलेत आणि गळ्याची डावी बाजू. डॉक्टर म्हणतात बोटं वळतील, पण कितपत ते आत्ता सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्तमानपत्रात आलंय. बहिणीनं भावाला ओढून आणलं, असं काहीतरी. नर्स मला बसायला खुर्ची आणून देते. भावजयीनं सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात कपाळाला लावले आणि हुंदके देत म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून, ताई. तुम्ही तिथे होतात म्हणून."

मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मी तिला काहीच सांगितलं नाही. नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. हाच हात.

पट्टीबाई जिन्यात बसली होती. वर यायचं धाडस होत नव्हतं. गळ्यात पट्ट्या नव्हत्या. तिला कामावरून थांबवलंय म्हणे, चौकशी होईपर्यंत. लाल काढायचा नियम तिनं वाचून दाखवला होता ना, म्हणून. नियम केला ते सगळे तिकडे कचेरीत तिसऱ्या मजल्यावर बसलेत आणि त्यांना कोणी थांबवलेलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसणार होते. जिन्याच्या वळणापर्यंत गेले आणि परत फिरले.

३ मार्च, सोमवार

आज धाकट्याला सांगितलं. भावजय घरी गेली होती. दार लावलं आणि एका दमात सांगून टाकलं, की कडी रंगवायला मला कोणी सांगितलं नव्हतं. उलट पट्टीबाईनं नको म्हटलं होतं. मीच केलं.

तो छताकडे बघत होता. म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी पाहिलं होतं ना. तू दाखवायला नेलंस त्याच दिवशी. खाच भरलेली दिसत होती."

"मग बोलला का नाहीस? सही कशी केलीस?"

त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "हलवून बघितली असती तर तुझा रंग उकलला असता, ताई. तू चहावाल्यालासुद्धा बोलावून दाखवत होतीस. मला वाटलं, राहू दे आजचा दिवस, उद्या सांगू. मग उद्या काम होतं, परवाही होतं. आणि आतली कडी होतीच की."

मला रडता येईना. सहा वर्षांचा असल्यापासून हा असाच आहे. मी केलेलं जेवण करपलं तरी मुकाट्यानं खायचा.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "गुरुवारी चौकशी आहे. गप्प बस. तू बोललीस तर माझी सही निघणार. न बघता सही करणाऱ्याला पुन्हा कोणी गाडीत बसवत नाही."

"आणि त्या पोरीचं काय?"

"ती लहान आहे. तिला दुसरं काम मिळेल."

त्याच्या हातांच्या पट्ट्यांकडे बघून मी हो म्हटलं. पुन्हा गाडी चालवता येईल असं डॉक्टर म्हणालेले नाहीत, हे तो विसरला की मुद्दाम बोलला नाही, कळत नाही.

६ मार्च, गुरुवार

सकाळी निघायच्या आधी ही वही उघडून अठरा तारीख वाचली. पट्टीबाई काय म्हणाली ते माझ्याच अक्षरात आहे. 'नको, बाई. ती राहू द्या.' पान फाडावंसं वाटलं, फाडलं नाही. वही पिशवीत टाकली आणि नेली. वाटेत ठरवलं होतं, काही न बोलता नुसती वही पुढे ठेवायची. हे मी देवाशपथ ठरवलं होतं.

चौकशी रंगभूषेच्या खोलीत होती, कारण मोठं टेबल तेवढंच. तिन्ही भिंतींना आरसे आणि आरशांभोवती दिवे. अधिकारीण बाई मधोमध बसली होती. पट्टीबाई समोर, आणि आरशांत आणखी तीन पट्टीबाया. बरंबरं एका बाजूला. त्याला विचारलं, रोज कडी तपासत होतास का? तो म्हणाला, सही घेत होतो.

मग अधिकारीण बाईनं विचारलं, "बाहेरची कडी कोणाच्या सांगण्यावरून रंगवली?"

मी पिशवीत हात घातला. वहीचा कोपरा बोटाला लागला.

"माझ्या," पट्टीबाई म्हणाली.

माझा हात पिशवीतच राहिला.

"तुम्ही या बाईंना तसं स्पष्ट सांगितलं होतं?"

"नेमकं आठवत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज फार बारीक झाला होता. "आठ दिवस झोपले नाहीये, सगळं मिसळतं. पण मी दिवसातून शंभरदा सगळ्यांना तेच सांगत होते. लाल दिसलं की रंगवा, लाल दिसलं की रंगवा. यांनाही सांगितलंच असणार." मग तिनं माझ्याकडे हात केला. "नाहीतर या स्वतःहून कशाला करतील? आत यांचा भाऊ होता."

तिचं खरं वाटण्यासारखंच होतं. मलाच क्षणभर वाटलं, तिनं सांगितलं असेल का?

अधिकारीण बाई माझ्याकडे वळली. तिचा स्वर मऊ होता, पेपरात वाचलं असणार. "यांनी सांगितलं म्हणून तुम्ही रंगवली. बरोबर?"

"हो," मी म्हटलं.

तिनं लिहून घेतलं. खाली माझी सही घेतली.

बाहेर आले तर पट्टीबाई भिंतीला टेकून उभी होती. मला पाहून ती पुढे आली आणि माझ्या पायाशीच बसली. मी तिला उठवत होते आणि ती उठत नव्हती. "मला माफ करा, बाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. येणारेजाणारे बघायला लागले. मग मीही खाली बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "उठ, बाळा. झालं ते झालं. माझा तुझ्यावर राग नाही."